जाड की बारीक?

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर जमिनीवर एक पांढरं वाटोळं यंत्र ठेवलं होतं. चटणीच्या डब्याएवढं. त्यातून सारखा सूंऽऽ असा आवाज येत होता. मला वाटलं, हवा शुद्ध करायचं काहीतरी असेल. पण टेबलापाशी बसलेली मुलगी म्हणाली, "आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आहे ते, मॅडम." आणि मला हसू फुटलं. आई जाऊन चार महिने झाले होते, पहाटेपर्यंत डोळा लागत नव्हता, ऑफिसात दोनदा उगाच रडून झालं होतं, नवऱ्याने अक्षरशः हात जोडून इथे पाठवलं होतं. आणि मी प्रभात रोडवरच्या त्या थंडगार खोलीत ओढणीने तोंड दाबून हसत बसले होते.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "कशाचं हसू आलं?" माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील.

"गिरणीचं," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. पन्नास मिनिटांचे पंधराशे रुपये. त्यातली वीस मिनिटं गिरणीवर गेली, म्हणजे सहाशे रुपये गिरणीचे झाले. गिरणीवाल्या काकांनी जन्मभर दळणाच्या वर कुणाकडून छदाम घेतला नाही, हेही मी त्यांना सांगून टाकलं.

सदाशिव पेठेत आमच्या वाड्यापासून तीन घरं सोडून, बोळाच्या तोंडाशी ती गिरणी होती. पुणं तेव्हाही शहरच होतं, पण पेठ हे गाव होतं. कुणाकडे कसली भाजी शिजतेय हे वासावरून कळायचं आणि का शिजतेय हे दुपारपर्यंत कळायचं. अशा ठिकाणी माणसाने मनातलं बोलायचं कुठे? विहिरीवर बोललं की चार घरांत, देवळात बोललं की आठ घरांत.

गिरणीत तीन पाट्या होत्या. 'डब्यावर नाव नसल्यास पीठ आपलेच आहे अशी खात्री देता येणार नाही.' 'उपासाचे दळण फक्त शनिवारी.' आणि तिसरी, काळ्या रंगात, खाली दुहेरी रेघ मारलेली: 'दळण लावून गप्पा मारत उभे राहू नये.' पेठेत इतकी सर्रास मोडली गेलेली दुसरी पाटी मी पाहिलेली नाही.

काकांची पद्धत ठरलेली होती. डबा काट्यावर ठेवायचा, वजन खडूने झाकणावर लिहायचं आणि आपल्याकडे न बघता विचारायचं, "जाड की बारीक?" मग दाणे वरच्या पेटीत ओतले की गिऱ्हाइकाने भिंत आणि चक्की यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहायचं. समोर पट्टा फिरतोय, त्याचा वारा अंगावर येतोय, कापडी नळीतून गरम पीठ डब्यात पडतंय. काका उजव्या हाताची चिमूट त्या धारेत धरत आणि अंगठ्याने चोळून पाहत. तोंड पिठाकडे, कान गिऱ्हाइकाकडे. त्या आवाजात दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसालाही काही ऐकू जात नसे. नुसते ओठ हलताना दिसायचे.

अधूनमधून काका मान हलवत. "हं." "असं होय." "चालायचंच." एवढी तीनच औषधं त्यांच्याकडे होती.

बाहेर फळीवर डबे रांगेने मांडलेले आणि त्यांच्यामागे आम्ही. जात्यातले रडतात नि सुपातले हसतात, ही म्हण मी शाळेत शिकायच्या आधी तिथे बघितली. आत एक जण नाक पुसतोय आणि बाहेर चार जण एकमेकांना कोपराने ढोसतायत. मग त्या चौघांतला एक आत जायचा, आणि त्याचेही खांदे हलायला लागायचे.

आमच्या वाड्यातले एक नाना सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. पाच किलो गहू एकदम दळून आणण्याऐवजी ते रोज एक एक किलो न्यायचे. नानी एकदा वैतागून म्हणाल्या, "एवढं काय सांगता त्या गिरणीवाल्याला? मी घरात बसलेय ना, मला सांगा की!" नाना शांतपणे म्हणाले, "तू उत्तरं देतेस." आणि पिशवी उचलून निघाले.

आमच्या गणिताच्या बाई तिथे यायच्या. शाळेत त्यांची चप्पल वाजली की वर्ग गप्प व्हायचा. एका संध्याकाळी मी रांगेत असताना त्या आतून बाहेर आल्या. तोंडभर पिठाचा पातळ थर बसलेला आणि दोन्ही गालांवर त्या थरातून खाली गेलेली एकेक ओली रेघ. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझी वही नेहमीसारखीच खिडकीतून बाहेर गेली. काही तरी सवलत मिळेल अशी माझी अपेक्षा होती, ती चुकली.

आणि तो पलीकडच्या बोळातला मुलगा. त्याचं आमच्या वाड्यातल्या एका ताईवर मन होतं. तिला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तो रोज गिरणीत येऊन काय सांगायचं याची तालीम करायचा. हातवारे-बितवारे करून. एकदा तो ऐन रंगात आलेला असताना वीज गेली. चक्की क्षणात थांबली, पट्टा दोन फटके मारून निश्चल झाला, आणि अख्ख्या बोळाने ऐकलं: "…जीव देईन, पण दुसरीशी लग्न करणार नाही!" रांगेत ताईची आत्या उभी होती. ती म्हणाली, "पहिली कोण ते तरी कळू दे." पुढे त्याचं लग्न झालं. दुसरीशीच. छान संसार चाललाय.

काकांनी हाकलून दिलेला मला एकच माणूस आठवतो. एक वकील. ते डबा न घेता यायचे आणि फळीला टेकून बाकीच्यांना सल्ले द्यायचे. काकांनी एकदा चक्की बंद केली, ही तशी मोठीच गोष्ट, आणि विचारलं, "तुमचा डबा कुठाय?" "डबा कशाला?" वकील म्हणाले. "मग या तुम्ही." पुणेरी 'या'. याचा अर्थ 'जा' असा होतो.

आता आमच्या घरचं. दळणाचा डबा न्यायचं काम मुलांचं, म्हणजे माझं. पण भाजणी असली की आई स्वतः जायची. भाजणीचा भरवसा नाही, गव्हावर दळली तर वाया जाईल, असं कारण द्यायची. आणि ती भाजणी हमखास बिघडून यायची. थालिपिठाची भाजणी जाडसर हवी. आमची मैद्यासारखी मऊसूत. थालिपीठ चिवट व्हायचं, तव्याला चिकटायचं. आजी दर वेळी म्हणायची, "अगं, जाड सांगायचं ना त्याला!" आई म्हणायची, "सांगितलं होतं." हा संवाद आमच्या घरी इतक्या वेळा झालाय की मला तो पाठ आहे.

पेठेत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असायची, म्हणून गिरणीलाही गुरुवारची सुट्टी. दहावीच्या पूर्वपरीक्षेत मला गणितात पस्तीसाच्याही खाली गुण मिळाले तेव्हा नेमका गुरुवार होता. घरी सांगायची सोय नव्हती. मी डबा घेऊन गिरणीत गेले. काका दार अर्धवट उघडं ठेवून जात्याला टाकी लावत बसले होते. वरची तळी उलटी करून जमिनीवर ठेवलेली, तिच्या बुजलेल्या खाचा छिन्नी-हातोडीने पुन्हा उकरायच्या. ठक, ठक, ठक. दगडाची बारीक कपची उडून माझ्या पायाला लागली.

मी माझं सगळं सांगितलं. काका काम करत राहिले. मग वर बघून म्हणाले, "काय म्हणालीस?"

मी परत सांगितलं.

"मोठ्याने बोल."

तिसऱ्यांदा मी ओरडलेच, "मी गणितात नापास झाले!" समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई जागच्या जागी थबकली. घरी सांगायचा प्रश्न असा परस्पर सुटला.

काकांनी हातोडी खाली ठेवली. "मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "वीस वर्षं होऊन गेली."

"मग तुम्ही हं हं कसं म्हणता?"

"ते थांबले की म्हणतो."

त्या वयात मला याचा भयंकर राग आला. ही फसवणूक होती. नाना, बाई, तो जीव देणारा, सगळे इतकी वर्षं भिंतीशी बोलत होते! पण मी कुणाला सांगितलं नाही. का ते आजही धड सांगता येणार नाही. कदाचित गणिताच्या बाईंच्या गालावरच्या त्या रेघांमुळे.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे सासऱ्यांना घेऊन जायची वेळ आली तेव्हा काकांचं शास्त्र कळलं. ८५ डेसिबलच्या आसपासच्या आवाजात रोज आठ आठ तास, वर्षानुवर्षं उभं राहिलं की कान जातात, पण सगळेच्या सगळे एकदम जात नाहीत. आधी जातो तो वरच्या पट्टीचा आवाज, ४००० हर्ट्‌झच्या आगेमागेचा. म्हणजे स, श, फ, थ अशी पातळ व्यंजनं पुसली जातात आणि स्वर बराच काळ टिकतात. काकांना तर ते स्वरही चक्की बंद असतानाच ऐकू येत असणार. चालू असताना काहीच नाही. 'माझ्या सासूने मला फार छळलं' यातलं त्यांच्यापर्यंत जे पोचायचं ते नुसतं तोंड उघडण्या-मिटण्याचं दृश्य.

मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, हिंजवडीला. त्यामुळे जोसेफ वायझेनबॉमची गोष्ट मला कामाच्या ओघात भेटली. हा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातला प्राध्यापक. १९६६ साली त्याने 'एलायझा' नावाच्या आपल्या प्रोग्रॅमवर निबंध छापला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य थोडं फिरवून ती तुम्हालाच प्रश्न म्हणून परत करायची, समोरच्याचं बोलणं त्यालाच आरशासारखं दाखवणाऱ्या मानसोपचारकाची नक्कल म्हणून. 'मला आईची आठवण येते' म्हटलं की 'आईबद्दल आणखी सांगा.' समजत काही नव्हतं. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम बनताना कित्येक महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर ती वायझेनबॉमला म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? तो हादरला. पुढे जन्मभर तो यंत्रांवर असा भाबडा विश्वास टाकण्याविरुद्ध लिहीत राहिला.

मी हे वाचलं आणि म्हटलं, हे काय, हे आमचे काकाच! तीन औषधं, गरगर फिरणारं यंत्र, समजत काही नाही. आता तर आमच्या ऑफिसातली निम्मी पोरं रात्री दोन वाजता फोनवरच्या चॅटबॉटला आपलं दुःख सांगतात. तो 'हं'च्या ऐवजी चार परिच्छेद लिहितो, एवढाच फरक, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पण मग मी त्या पीठवाल्या मुलाचं काय करू?

तो विशीतला असेल. एकटाच राहायचा, कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेला. एकदा त्याने डबा आणला, काकांनी झाकण उघडलं तर आत पीठ. दळलेलं. "हे दळलेलंय की," काका म्हणाले. तो गेला. दोन दिवसांनी परत आला, परत तेच पीठ. काकांनी काही न बोलता ते चक्कीतून काढून दिलं. तिसऱ्या वेळी तो तोच डबा घेऊन आला तेव्हा काकांनी खटका खाली ओढला, रांगेला म्हणाले, "आज दळण नाही," शटर पाडलं, त्याचा दंड धरून रिक्षात बसवलं आणि ससूनला घेऊन गेले. अंगावर पिठाचे कपडे तसेच. त्या मुलाचे आईवडील गावाहून येईपर्यंत तिथेच थांबले. पुढे त्याला औषधं सुरू झाली, तो सावरला, वर्षभराने पेढे घेऊन आला. डब्यातून नव्हे, पुड्यातून; त्यावरून फळीवर बराच वेळ विनोद चालले होते.

काकांना त्याचा एक शब्द ऐकू आला नव्हता. ऐकू येत असता तरी उपयोग नव्हता, कारण तो काही बोलतच नव्हता.

नंतर मला हळूहळू उमगलं की काका माणसं ऐकत नव्हते, धान्य बघत होते. दहा किलोचा डबा अचानक चार किलोवर आला की घर वेगळं झालं. नेहमी निवडून, वेचून येणाऱ्या गव्हात खडे दिसले की घरातली बाई अंथरुणावर आहे, किंवा तिचं कशात लक्ष नाही. बाजरी बंद होऊन नुसते गहू यायला लागले की म्हातारी गेली. हे सगळं त्यांच्या चिमटीत येत होतं. ते कधी बोलून दाखवत नसत. फार तर खडे असलेले गहू बाजूला ठेवून म्हणायचे, "उद्या ने," आणि रात्री बसून स्वतः निवडायचे.

बाईंना, म्हणजे समुपदेशक बाईंना, मी हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, फ्रॉइड रुग्णाच्या डोक्यामागे बसायचा ते उगाच नाही. दिवसाचे आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून बघितलेलं मला सोसत नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. झिम्बाब्वेतल्या आज्यांचंही त्यांनीच सांगितलं. तिथे डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ पासून आज्यांना थोडं शिकवून दवाखान्यांच्या आवारातल्या लाकडी बाकांवर बसवलं. नैराश्याला तिथल्या शोना भाषेत शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आज्यांशी बोलून लोकांना खरंच बरं वाटतं, हे रीतसर अभ्यासून २०१६ मध्ये छापूनही आलं. "पण त्या आज्यांना शिकवलेलं असतं," बाईंनी बोट वर करून सांगितलं. "आणि कुणाला पुढे पाठवायचं हेही." रास्त होतं. मी ससूनची रिक्षा आठवली आणि गप्प बसले.

मला खरं तर वेगळंच सुचत होतं. गिरणीच्या आधी जातं होतं. पहाटे दोघी-तिघी बायका जात्याला बसायच्या, आणि माहेर, सासर, नवरा, मेलेलं मूल, विठ्ठल, जे जे दिवसभर तोंडातून काढता येत नाही ते ओवीतून बाहेर पडायचं. जात्याची घरघर असायची, पुरुष झोपलेले असायचे. पुण्यातच राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी वर्षानुवर्षं गावोगाव माणसं पाठवून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. विजेची चक्की आली, हात मोकळे झाले आणि ओवी बंद पडली, असं सगळे म्हणतात. पण बायका काय, पुरुष काय, त्या घरघरीपाशी येऊन बोलायचे थांबले नाहीत, एवढं मी सदाशिव पेठेत बघितलंय. नानांना गाता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मराठीत तेच तेच बोलण्याला 'दळण' म्हणतात, ते ज्याने कुणी ठरवलं त्याने गिरणीत रांग लावलेली असणार.

गिरणी बंद झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. वाडा पाडून इमारत उभी राहिली, त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. काका मुलाकडे सिंहगड रस्त्याला राहतात, नव्वदीच्या घरात आहेत. बाईंनी मला 'त्यांना एकदा भेटून या' असं काही सांगितलं नव्हतं. मीच गेले. जाताना अर्धा किलो भाजणी नेली, विकतची.

काकांनी ओळखलं. कानात नवं यंत्र होतं, मुलाने घेऊन दिलेलं. चांगलं ऐकू येतं म्हणाले, फारच ऐकू येतं. पंखा ऐकू येतो, सुनेचा मोबाइल ऐकू येतो, शेजारच्यांचं भांडण अक्षर न् अक्षर येतं. "पूर्वी बरं होतं," ते म्हणाले. पिठाशिवाय त्यांच्या भुवया काळ्या-पांढऱ्या आहेत, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं.

मी विचारलं, "काका, आई काय बोलायची हो गिरणीत?"

"मला कुठे ऐकू येत होतं."

"तरी."

ते बराच वेळ समोरच्या भाजणीच्या पुडीकडे बघत राहिले. मग तिची गाठ सोडून चिमूट घेतली, अंगठ्याने चोळली.

"जाड आहे," म्हणाले. "अशीच लागते. तुझी आई अर्धा किलो घेऊन यायची. अर्धा किलो जाड दळायला वेळ तो किती लागतो? दोन मिनिटं. तिचं व्हायचं नाही तेवढ्यात." त्यांनी चिमूट पुडीत परत टाकली. "मग मी तळी आवळायचो. बारीक केलं की वेळ लागतो. कधी कधी दोनदा काढायचो."

आजी दर वेळी चिडायची. आई दर वेळी म्हणायची, सांगितलं होतं. आणि ती चिवट थालिपिठं आम्ही सगळ्यांनी वीस वर्षं खाल्ली.

मला बोलायला सुरुवात करायची होती, पण नीट जमेना. आतल्या खोलीत सून होती, दार उघडं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात वर नेऊन कानातलं यंत्र काढलं, छोट्या डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं. शेजारच्या मिक्सरकडे बोट केलं. मी उठून त्यात मूठभर भाजणी टाकली आणि बटण दाबलं.

"हं," काका म्हणाले.